अंदमानात आराम हवा असेल तर आधी परतीची फेरीबोट बघा

तुमच्या अंदमानच्या सहलीबद्दलच्या पोस्टमधलं बाकी सगळं नंतर बघू, कार्यक्रमाची ती शेवटची ओळ आधी बदलून घ्या. दोघी मैत्रिणी, पन्नाशी ओलांडलेल्या, डिसेंबरचा पहिला पंधरवडा, 'पळापळ नको, फक्त समुद्र हवा' असं तुम्ही लिहिलंय. आणि एजंटने दिलेल्या कार्यक्रमात शेवटच्या दिवशी सकाळी नील बेटावरून फेरी (म्हणजे प्रवासी बोट) अन् त्याच दुपारी पोर्ट ब्लेअरहून चेन्नईचं विमान. हा कार्यक्रम मला तोंडपाठ आहे. हॉटेलांची नावं वेगळी असतील, बाकी तोच.

आधीच सांगते, मी या धंद्यातली नाही, कुणाचं कमिशन घेत नाही. सगळेच एजंट वाईट असतात असंही माझं म्हणणं नाही. वयस्कर आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांना चांगला एजंट लागतोच. दर सांगणार नाही, ते मोसमागणिक बदलतात. विमान कुठून, कपडे कुठले, सनस्क्रीन किती हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

आपल्याकडे दसऱ्याला पाऊस संपला की आपण समजतो सगळीकडचाच संपला. अंदमानला दोन्ही पावसाळे मिळतात. मे ते सप्टेंबर आपल्यासारखाच नैर्ऋत्येचा, आणि मग ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा. बंगालच्या उपसागरातली वादळं याच दुसऱ्या काळात जास्त होतात. डिसेंबर 2016 मध्ये, पुढे ज्याचं 'वरदा' वादळ झालं त्या हवामानात हॅवलॉक आणि नील या बेटांवर शेकडो पर्यटक अडकले होते आणि नौदलाने जहाजं पाठवून त्यांना बाहेर काढलं. दरवर्षी इतकं होत नाही. पण एखाद-दुसऱ्या दिवसाची फेरी रद्द होणं ही त्या महिन्यांतली साधी गोष्ट आहे, स्थानिक लोक त्याबद्दल भुवईसुद्धा उंचावत नाहीत. जानेवारी ते एप्रिल जमत असेल तर तेव्हा जा. रजा डिसेंबरातच असेल तर डिसेंबरात जा, मजाच येईल, पण विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्येच झोपा. यावर मी वाद घालणार नाही.

आता मुख्य गोष्ट, जी एजंटही सांगत नाहीत आणि व्हिडिओवालेही सांगत नाहीत: फेरीच्या तिकिटावर फोन नंबर कुणाचा आहे?

मी आणि माझी मैत्रीण गेलो तेव्हा आमचं बुकिंग एका उपनगरातल्या एजंटच्या ऑफिसातून झालं होतं. नाव लिहीत नाही. भिंतीवर स्वित्झर्लंडचा बर्फ, टेबलावर काजूकतली, सगळं गोडच. त्यांनी आमच्या सगळ्या फेऱ्या स्वतःच्या लॉगिनवरून काढल्या आणि प्रत्येक ठिकाणी प्रवाशाचा नंबर म्हणून ऑफिसचाच मोबाइल टाकला. आमच्या हातात आलं ते त्यांच्या लेटरहेडवरचं रंगीत व्हाउचर, ज्यावर 'क्रूझ कन्फर्म' एवढंच. परतीची फेरी हवामानामुळे रद्द झाल्याचा मेसेज आदल्या संध्याकाळी आला. तो आला ऑफिसच्या मोबाइलवर. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही दोघी बॅगा घेऊन सकाळी जेटीवर हजर. ऊन पडलेलं, जेटीजवळचं पाणी नितळ निळं, वादळाची काही खूणच नाही. खवळलेला असतो तो बाहेरचा, मोकळा समुद्र. बाकीच्यांना रात्रीच कळलं होतं, त्यांनी पुढच्या फेऱ्यांमधल्या जागा धरून ठेवल्या होत्या.

खिडकीवरच्या माणसाचं म्हणणं अगदी बरोबर होतं: तिकीट एजंटच्या खात्यातून निघालंय, तारीख बदलायची तर त्यांनाच बदलता येईल, पैसे परत जातील तेही त्यांच्याच खात्यात. ऑफिसला फोन लावला. आधी कुणी उचलेना, मग 'सर बाहेर आहेत', मग सर म्हणाले, 'मॅडम, हवामान काय आमच्या हातात आहे का?' नाही हो, हवामान नाही. मोबाइल मात्र तुमच्याच हातात होता! हे वाक्य मी त्यांना ऐकवलं, त्याने काही झालं नाही, पण मला बरं वाटलं.

शेवटी आमच्या हॉटेलातला एक मुलगा, तिथल्याच बंगाली वस्तीतला, आमच्या आधारकार्डांच्या प्रती घेऊन सरकारी फेरीच्या रांगेत उभा राहिला आणि त्याने आम्हाला तिथून काढलं. विमान तोवर गेलं होतं. पुढे कित्येक महिने रिफंडसाठी मेल चालू. फेरीच्या कंपनीने पैसे केव्हाच परत केले होते, ते ऑफिसात अडकले होते. 'अकाउंट्स बघतील', 'मार्चएंड आहे', 'सर्व्हिस चार्ज वजा होईल'. ग्राहक आयोगाचं नाव काढल्यावर फेरीचे तेवढे मिळाले. जास्तीच्या रात्रीचे आणि विमानाचे गेले ते गेलेच.

म्हणून हॉटेल एजंटकडून घ्यायचं तर घ्या, फेरी स्वतः काढा. खासगी फेऱ्यांचं बुकिंग त्यांच्या त्यांच्या साइटवर होतं, सरकारी फेऱ्यांचं जहाज संचालनालयाच्या पोर्टलवर. खासगी फेरी पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला साधारण दीड-दोन तासांत नेते, सरकारी अडीच तासांच्या आसपास. खासगी फेरी सगळीकडून बंदिस्त आणि वातानुकूलित असते. गाडी लागणाऱ्यांना त्यात जास्त त्रास होतो, असा माझा अनुभव, इतरांचा उलट असेल. ॲव्होमिन (मळमळीची गोळी) घेणार असाल तर निघायच्या आधी घ्या, लाटा सुरू झाल्यावर उपयोग नाही (बीपीच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून). तिकिटावर हॅवलॉकच्या जागी स्वराज द्वीप, नीलच्या जागी शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरच्या जागी श्री विजयपुरम दिसलं तर घाबरू नका. बेटांची नावं 2018 मध्ये बदलली, शहराचं 2024 मध्ये. बोलताना सगळे जुनीच नावं घेतात.

विमान चुकलंच तर एक लक्षात ठेवा. तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाची फी परत मागता येते. कंपनी आपणहून देईलच असं नाही, मागावी लागते. आणि फेरी रद्द झाल्याचं वेळेत कळलं, तर विमान सुटायच्या आधी फी भरून तारीख बदलता येते. इथेही सगळं येऊन थांबतं ते त्या मेसेजवर. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा आयोगात आता आपण राहतो तिथेच तक्रार देता येते, व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. मी वकील नाही, पण एवढं मला त्या ऑफिसने शिकवलं.

आता तुमच्या आरामाकडे येते. तुमच्या यादीत पोर्ट ब्लेअर, रॉस, बारातांग, हॅवलॉक, एलिफंट बीच, नील, परत पोर्ट ब्लेअर. ही सुट्टी नाही, बदलीची नोकरी आहे. बारातांगसाठी मध्यरात्र उलटल्यावर उठून निघावं लागतं, दिवस गाडीत जातो. काढून टाका. माझं मत विचाराल तर नीलसुद्धा काढा आणि सगळ्या मधल्या रात्री हॅवलॉकला एकाच ठिकाणी राहा. नील सुंदर आहे, हॅवलॉकपेक्षा शांत आहे, भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर अशी रामायणातली गावं आहेत, भाजीचे मळे आहेत. पण एक बेट वाढलं की फेरी एक वाढते, आणि प्रत्येक फेरीपायी अर्धा दिवस जातो: बॅग भरा, जेटीवर तासभर आधी या, उन्हात उभे राहा. गर्दी अजिबात नको असेल तर उलट करा, हॅवलॉक गाळून फक्त नीलला राहा. कुठलंही एक.

हॅवलॉकला हॉटेल निवडताना फोटोला भुलू नका. जेटीपासून पुढे गोविंदनगर, विजयनगर म्हणजे तीन आणि पाच नंबरचे बीच पूर्वेकडे तोंड करून आहेत. बरीचशी हॉटेलं याच बाजूला. सकाळी खोलीतून सूर्योदय दिसतो, पण ओहोटीला पाणी दूर जातं आणि खाली खडक नि मेलेलं प्रवाळ उघडं पडतं. तिथे पोहणं नाही, पाय कापतात. पोहण्यासारखी मऊ पुळण राधानगरला, म्हणजे सात नंबरला; ती बेटाच्या पश्चिमेला, जेटीपासून 12 किलोमीटरच्या आसपास. तिथे राहायच्या जागा कमी आणि महाग. आम्ही पूर्वेला राहून रोज दुपारी तिकडे जायचो, रिक्षावाला ठरवून. स्कूटर मिळते, पण परतताना अंधार होतो.

अंधारावरून आठवलं. घड्याळ आपलंच, सूर्य मात्र आपल्या बराच आधी. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी पाचच्या आसपास सूर्य बुडतो. आपल्याकडच्या सवयीने 'उन्हं कलली की निघू' म्हणून पाचला निघालात तर राधानगरला गार्ड शिट्टी मारून लोकांना बाहेर काढत असताना पोचाल. साडेतीनला तिथे असायला हवं.

कोकणातली तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची रीत तुम्हाला माहीत असेल. ती वेळ अंदमानला जुळत नाही. पौर्णिमा-अमावास्येला मोठं उधाण आणि मोठी ओहोटी, एवढंच तिथेही खरं. तेव्हा कालनिर्णयवर तिथी बघा आणि वेळ हॉटेलवाल्याला विचारा.

पाण्यात उतरण्याबद्दल: लाल निशाण किंवा मगरीचा फलक असेल तिथे जाऊ नका, 'बाकीचे उतरलेत की' हे कारण नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरोखर आहेत. एप्रिल 2010 मध्ये राधानगरजवळच्या खाडीसारख्या भागात एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता. गार्ड जिथे उतरा म्हणतो तिथे उतरा, बस.

मैत्रिणीला पोहता येत नाही म्हणून स्कूबा नको, असं लिहिलंय. प्रशिक्षक धरून नेतो त्या पहिल्या डाइव्हला पोहता यावंच लागतं असं नाही. पण आधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, त्यात बीपी, दमा, कानाचं जुनं दुखणं लपवू नका. डाइव्हनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नाही. पोर्ट ब्लेअरमधली ती शेवटची रात्र इथेही कामाला येते. आणि त्या दिवशी दुपारी सेल्युलर जेल निवांत बघा. सात शाखांपैकी तीनच उरल्यात, तरी मराठी माणसाचे दोन-तीन तास तिथे सहज जातात. पहिल्या दिवशी विमानातून उतरून पेंगत पेंगत बघायची ती जागा नाही.

दोघींनी आधी एकदा बोलून घ्या, हेही सांगते. माझी मैत्रीण नऊपर्यंत झोपणारी, मला पाचला समुद्र हवा. आम्ही ठरवलं, सकाळ ज्याची त्याची, जेवणापासून एकत्र. आणि खर्चाचं पाकीट एक, रोज रात्री हिशोब नाही. त्या जेटीच्या भानगडीतसुद्धा आम्ही एकमेकींवर खेकसलो नाही, यात या पाकिटाचा वाटा मोठा आहे. रोख पैसे पोर्ट ब्लेअरमधूनच घेऊन निघा, बेटावरच्या एटीएमचा भरवसा नाही. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून नेट सुधारलंय, तरी तिकिटं छापून ठेवा. संध्याकाळी वाळूत सँडफ्लाय (बारीक माश्या) चावतात, लांब पायजमा घाला, आठवडाभर खाज जात नाही. शंख-प्रवाळ उचलून बॅगेत टाकू नका, विमानतळावर पकडतात आणि वन्यजीव कायद्याखाली ते महागात पडतं.

तर एजंटला आजच मेल करा. फोन नको, मेल. परतीची फेरी विमानाच्या आदल्या दिवशी घ्या, तिकिटावर आमचा नंबर टाका, फेरी रद्द झाली तर रिफंड किती दिवसांत आणि किती कापून, हे लेखी द्या. 'मॅडम, काळजी करू नका, आमची माणसं असतात तिथे' एवढंच उत्तर आलं तर ॲडव्हान्स परत मागा. काय उत्तर येतंय ते इथे टाका, मला वाचायचंय.