फुकेतसारख्या बेटावर राहणाऱ्या भारतीयांना रोजचे त्रास काय असतात, की ती कायमची सुट्टीच असते?

लॅपटॉपवरची नोकरी घेऊन बायको-मुलीसह एकदोन वर्षं इथे यायचंय, खाण्याचं कसं, हेही तुम्ही विचारलंय, ते पुढे सांगते. पण तुमच्या प्रश्नातल्या ‘कायमची सुट्टी’ या दोन शब्दांसाठी हे उत्तर लिहायला बसले. तुमच्या मनात वाकडं काही नसेल, पण हेच शब्द मी घरच्यांच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलेत की आता सोडून देववत नाही.

मी मूळची कुडाळची. 2014 पासून थायलंडमध्ये फुकेतला आहे. इथल्या पाटोंग किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात भारतीय लग्नांचं काम बघते. म्हणजे नवऱ्याकडच्या आजींना पहाटे पाचला गरम पाणी, जैन मंडळींचा वेगळा स्वयंपाक, वरातीचा ढोल रात्री किती वाजता बंद होणार यावरून शेजारच्या हॉटेलशी बोलणी, हे सगळं. नोव्हेंबर ते मार्च माझा एकही रविवार माझा नसतो. आणि गावी गेले की हळदीकुंकवाला कोणीतरी विचारतंच, “थायलंडला असतेस ना? मज्जा आहे बाबा!” ते म्हणताना डोळ्यांत जे काही असतं ते मला चांगलं कळतं. थायलंड म्हटलं की आपल्या माणसांना बँकॉक-पटायाच्या पलीकडे काही दिसत नाही. त्या देशात शाळा, दवाखाने, बाजार, सकाळी डबा घेऊन कामावर जाणारी माणसं असतात, हे सांगायचं म्हटलं तरी कोणी ऐकून घेत नाही.

रोजचे त्रास विचारलेत तर आधी पाणी. मी काथूला राहते, डोंगराच्या अलीकडे. बांग वाड धरण काथूतच आहे, तरी मार्च-एप्रिलात आमच्या नळाला करंगळीएवढी धार येते. मग टँकर. टँकरवाला फोन उचलतो तेव्हा त्याच्या गाडीत पाणी नसतं, आणि पाणी असतं तेव्हा तो फोन उचलत नाही. दुसरा त्रास रस्त्याचा. काथूहून पाटोंगला जायला मधला डोंगर ओलांडावा लागतो. 2022 च्या ऑक्टोबरात पावसाने तोच रस्ता खचला आणि कामलामार्गे वळसा घालून कामावर जायची वेळ आली. रात्री अकराला ड्यूटी सुटल्यावर बस नसते. फुकेत टाउनच्या निळ्या गाड्या संध्याकाळीच बंद होतात, आणि टुकटुकवाला एवढ्याशा अंतराचे जे पैसे सांगतो त्यात माझा आठवड्याचा बाजार येतो. म्हणून स्कूटर हवीच. आणि स्कूटर चालवणार असाल तर दुचाकीचा परवाना आधी काढा. फक्त चारचाकीचा परवाना दाखवून इथे स्कूटर भाड्याने मिळते, पण अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा परवानाच मागते. असे पाय प्लास्टरमध्ये घेऊन बसलेले आणि घरून पैसे मागवणारे पाहुणे मी दर हंगामात बघते.

समुद्राचं म्हणाल तर मे ते ऑक्टोबर किनाऱ्यावर लाल बावटे असतात. आपल्या कोकणात कोसळतो तोच नैऋत्येचा पाऊस इथेही कोसळतो. पाण्याची ओढ इतकी असते की पट्टीचे पोहणारेही परत येत नाहीत. कोरड्या महिन्यांत किनारा छान असतो, आणि तेव्हा मी कामावर असते.

पण हे सगळं सवयीचं होतं. सवयीचा होत नाही तो पासपोर्टवरचा शिक्का. नोकरीच्या व्हिसावर दर वर्षी मुदतवाढ, 1,900 बाथ. दर 90 दिवसांनी ‘मी अजून इथेच राहते’ अशी नोंद. घरमालकिणीने आपल्या घरात परदेशी माणूस राहतो हे वेगळं कळवायचं. माझी घरमालकीण चांगली बाई आहे, मी तिला ‘पी’ म्हणते, म्हणजे आपलं ताई. पण त्या फॉर्मचं नाव काढलं की तिला नेमकं मंदिरात जायचं असतं. आणि या सगळ्यात री-एन्ट्री परमिट नावाचा एक कागद आहे. मुदतवाढ संपायच्या आत देशाबाहेर जाऊन परत यायचं असेल तर निघण्याआधी तो घ्यावा लागतो. एका खेपेचे 1,000 बाथ, कितीही खेपांचे 3,800. घेतला नाही, तर विमानात पाय ठेवताच तुमची मुदतवाढ संपते, मग ती पुढे सात महिने असो.

2018 च्या एप्रिलात सोंगक्रानच्या, म्हणजे इथल्या नववर्षाच्या, तोंडावर रात्री दादाचा फोन आला. बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, कुडाळहून गोव्याला, बांबोळीच्या इस्पितळात हलवलं होतं. पाटोंगच्या रस्त्यांवर तेव्हा पाण्याच्या पिचकाऱ्यांचे ढीग लागलेले, कचेऱ्या सुट्टीसाठी बंद झालेल्या, बँकॉकमार्गे एकही सीट नाही. क्वालालंपूर, मुंबई, गोव्याचं दाबोळी असं तिकीट मिळालं. परमिटचं मला माहीत नव्हतं असं नाही. त्या रात्री डोक्यात आलं नाही, एवढंच. काही विमानतळांवर त्याची खिडकी असते, निघताना तिथे नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं. मी विचारलं नाही.

फोन आल्यापासून तीस तासांनी मी बांबोळीला पोचले. अतिदक्षता विभागाच्या बाहेर दादा बाकावर बसला होता, दाढी वाढलेली, शर्टावर चहा सांडलेला. मला बघून पहिलं वाक्य म्हणाला, “सुट्टीतसून सुट्टी गावली काय गो तुका?”

तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

तेरावा करून मी परत निघाले. फुकेतच्या विमानतळावरची अधिकारी माझ्याच वयाची होती. तिने पासपोर्ट पुढून मागे चाळला, मग मागून पुढे. मुदतवाढीच्या शिक्क्यावर बोट ठेवलं, नोव्हेंबरची तारीख वाचली आणि “री-एन्ट्री?” एवढंच विचारलं. मी नाही म्हटल्यावर तिने पासपोर्ट काचेखालून हळूच माझ्याकडे सरकवला आणि हाताने दुसरी रांग दाखवली. त्या रांगेत टोप्या घातलेले पर्यटक होते. मीही त्यांच्यातली एक. फोटो, 2,000 बाथ, परतीचं तिकीट, 15 दिवसांचा व्हिसा. परतीचं तिकीट माझ्याकडे कुठून असणार? माझं घर इथे होतं, स्वयंपाकघरात निघताना भिजत घातलेली भांडी तशीच होती. भिंतीला टेकून फोनवर मुंबईचं तिकीट काढलं.

हॉटेलने सांगितलं, पर्यटक व्हिसावर कामाला हात लावायचा नाही. बरोबरच होतं ते. पुन्हा मुंबई, पुन्हा नॉन-बी, म्हणजे नोकरीच्या, व्हिसाचा अर्ज, कंपनीचे कागद कुरियरने यायची वाट, वर्क परमिटची कागदपत्रंही नव्याने. पाच आठवडे बिनपगारी गेले. ते मी डोंबिवलीला मैत्रिणीच्या घरी काढले आणि घरी कळवलं नाही. एका हजार बाथच्या, तेव्हाच्या दोन हजार रुपयांच्या कागदापायी आपण अडकलो, हे दादाला कुठल्या तोंडाने सांगणार होते? पण गावच्या कोणीतरी मला दादरला पाहिलं. झालं. “बाबांका जावन म्हयनो नाय झालो, आणि ही मुंबयत फिरता.” ते वाक्य आजही आमच्याकडच्या प्रत्येक कार्यात कुठून तरी निघतंच.

तुम्ही याच्यासाठी प्रश्न विचारला नव्हता हे मला कळतं. पण लिहितेच. बाबांना हलवणं, डॉक्टरांमागे धावणं, रात्री जागणं हे सगळं दादाने केलं, त्याला तोड नाही. मात्र दवाखान्याचे पैसे पाटोंगहून आले होते. ते पैसे सुट्टीवर असलेल्या माणसाकडे नसतात. आणि बाबांचं वर्षश्राद्ध झाल्यावर जेव्हा काजूच्या बागेसाठी हक्कसोडपत्राची गोष्ट निघाली, तेव्हा “तुका थंय काय कमी हा?” हेच कारण पुढे आलं. मी सही केली नाही. त्यासाठी भांडणही केलं नाही. तुम्हाला माझा स्पष्ट सल्ला आहे: परदेशी जायच्या आधी घरच्या जमिनीचं, आईवडिलांच्या औषधपाण्याचं, कोणी काय करायचं आणि कोणी किती भरायचं याचं समोरासमोर बसून ठरवा. सातबारा काढून बघा. तुम्ही समुद्राकाठी राहायला गेलात की तुमचा वाटा लोक मनातल्या मनात कमी करून टाकतात. पुढे मुखत्यारपत्र करायचं म्हटलं तर फुकेतहून बँकॉकच्या दूतावासापर्यंतचं विमान, हॉटेलची एक रात्र आणि एक रजा, एवढा खर्च धरा.

खाण्याचं विचारलंत, तेही सांगते. शाकाहारी असाल तर बाहेर खाताना ‘जे’ हा शब्द शिका. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असतं, आपल्या 17 या आकड्यासारखं दिसतं ते. नुसतं भाजी-भाजी म्हणून उपयोग नाही, भाजीतही माशाचं पाणी, नाम प्ला, घालतात आणि त्यांना ते मांसाहारी वाटतच नाही. ‘मांगसाविरात’ म्हटलंत तर अंडं येऊ शकतं. ‘जे’मध्ये मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही.

आई माळकरी आहे. 2023 मध्ये ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा मला हीच धास्ती होती की बिचारी दोन महिने वरणभातावर काढणार. पण इथल्या चिनी वंशाच्या लोकांचा नऊ दिवसांचा ‘जे’चा उत्सव त्या वर्षी नेमका 15 ऑक्टोबरला सुरू झाला, घटस्थापनेच्याच दिवशी. फुकेत टाउनच्या रानोंग रस्त्यावर जुई तुई देवळाबाहेर मैलभर पिवळे झेंडे आणि गाड्याच गाड्या. तळलेला टोफू, तारोचे वडे, मशरूमच्या रश्शातल्या शेवया. आईने पहिल्या वाटीत चमचा फिरवून फिरवून शोधलं, वास घेतला, मग म्हणाली, “गो, ह्येच्यात कांदो पण नाय!” नऊच्या नऊ दिवस आम्ही बाहेर जेवलो. मिरवणुकीत गालांतून सळया आरपार घातलेली माणसं बघून मला वाटलं ती घाबरेल. ती हात जोडून उभी राहिली. “अवसार इलो हा तेंका,” म्हणाली. आमच्या जत्रेत अंगात येतं तेच तिला तिथे दिसलं. मी नऊ वर्षं ती मिरवणूक बघत होते, मला कधी ते सुचलं नव्हतं.

परत गेल्यावर आईने दादाला काय सांगितलं ठाऊक नाही. त्यानंतर ‘सुट्टी’ हा शब्द त्याच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

आता तुमचा मूळ मुद्दा. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपवरची नोकरी आहे, बायको-मुलीला घेऊन एकदोन वर्षं यायचंय. मग वरची री-एन्ट्रीची सगळी कथा तुम्हाला तशी लागू होत नाही. जुलै 2024 पासून डीटीव्ही नावाचा व्हिसा सुरू झालाय. पाच वर्षांचा, कितीही वेळा ये-जा, एका खेपेला 180 दिवस. फी 10,000 बाथ, आणि खात्यात 5 लाख बाथ दाखवावे लागतात. बायको-मुलीला तुमच्यावर अवलंबून म्हणून काढता येतो, पण प्रत्येकीचा अर्ज वेगळा. इथल्या कंपनीत नोकरी मात्र त्यावर करता येत नाही. मुलीच्या शाळेसाठी आंतरराष्ट्रीय शाळेची फी आधी विचारा, मग घर शोधा. सरकारी शाळेत शिकवणं बहुतेक थाईत असतं. घर घेताना नोव्हेंबर ते एप्रिलचं भाडं वेगळं आहे का हे करारात लिहून घ्या, समुद्राजवळ ते सहज दुप्पट होतं. छपरावर पाण्याची टाकी आहे का, किती लिटरची, हे स्वतः वर चढून बघा. आणि डीटीव्ही असला तरी सलग 90 दिवस राहिलात की ती नोंद चुकत नाही. आपली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. इथल्या कॅलेंडरवर साल 543 ने पुढचं असतं, तेवढं सांभाळा.