कोण बोलतंय, ते आधी पाहा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

अरब लेखिकांच्या कादंबऱ्यांवरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. मेहनत पानोपानी दिसते. पण 'आघात' हा शब्द पहिल्या सहा पानांतच एकतीस वेळा आलाय, आणि झहरा, रुकय्या, खलील ही त्या कादंबऱ्यांतली माणसं मात्र कुठे भेटली नाहीत. म्हणून हे पत्र.

'ट्रॉमा'साठी 'आघात' विद्यापीठात चालतो, चालू दे. मला 'धसका' जवळचा वाटतो. आघात एकदा होऊन जातो, धसका माणूस घेतो आणि तो अंगात मुरतो. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर माझी मावशी कितीतरी वर्षं रात्री दाराला कडी लावत नव्हती. भूकंपाविषयी ती कधी बोलली नाही. कडीकडे पाहिलं की कळायचं. कादंबरी वाचताना अशी कडी शोध.

लेबनीज लेखिका हनान अल-शेख यांच्या 'हिकायत झहरा'ची, म्हणजे 'झहराच्या कहाणी'ची (१९८०) सुरुवात पुन्हा वाच. लेबनॉनमध्ये प्रकाशक मिळेना, तेव्हा बाईंनी ती स्वतःच छापली. पहिल्याच प्रसंगात लहानगी झहरा आईबरोबर अंधारात दाराआड उभी आहे. आईने तिचं तोंड दाबून धरलंय. त्या हाताला साबणाचा आणि कांद्याचा वास येतोय आणि पोरीला वाटतं, हा हात इथेच राहावा. ही आई प्रियकराला भेटायला जाताना मुलीला आडोसा म्हणून बरोबर नेते. जवळ घेणारा हात आणि गप्प करणारा हात एकच. पुढे मोठी झालेली झहरा चेहऱ्यावरचे फोड नखांनी खरवडत बसते, व्रण पडेपर्यंत. तुझ्या आराखड्यात या नखांचा उल्लेखही नाही!

आता रचना पाहा. पहिल्या भागात झहरा 'मी' म्हणून बोलते, पण मध्येच तिच्या मामाचं प्रकरण येतं, मग नवऱ्याचं. दोघेही आफ्रिकेत जाऊन राहिलेले, दोघेही आपापलं 'मी' उगाळतात आणि झहरा त्यांच्या दुःखातली एक वस्तू होते. तिच्याच कहाणीत तिला पुरुषांसाठी जागा सोडावी लागते. युद्धाच्या भागात मात्र शेवटपर्यंत तीच बोलते, गोळी लागल्यावरसुद्धा. बैरूत पेटल्यावर ती आतून शांत होत जाते, गच्चीवरच्या बंदूकधाऱ्याकडे रोज जाऊ लागते. हे वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. त्याचं स्पष्टीकरण देण्याची घाई करू नकोस. इंग्रजी अनुवादात पहिल्या भागाचं नावच 'शांततेचे व्रण' अशा अर्थाचं आहे. म्हणजे जखम युद्धाच्या आधीची, घरातली. म्हणून तुझं प्रकरण १९७५च्या यादवीपासून सुरू करू नकोस, दाराआडून सुरू कर.

दुसरी गोष्ट 'अस्मिता'. आपल्याकडे हा शब्द झेंडा घेऊनच येतो. त्यापेक्षा साधा 'ओळख' घे. अरबीत 'हुविय्या' म्हणजे ओळख, आणि खिशातलं ओळखपत्रही. लेबनॉनच्या यादवीत नाक्यांवर माणसांना अडवत, कार्डावर पंथ कोणता लिहिलाय ते पाहत आणि तिथेच मारत. त्या हत्यांना अरबीत नावच पडलं, ओळखपत्रावरून हत्या. त्या लेखिकांसाठी ओळख ही खिशात ठेवायची, लपवायची, कधी उसनी मागायची गोष्ट होती.

उसनी म्हटल्यावर पॅलेस्टिनी लेखिका अदानिया शिबली यांची 'तफसील सानवी' ('किरकोळ तपशील') ही कादंबरी आठवते. उत्तरार्धातली, वेस्ट बँकमधल्या रामल्ला शहरातली बाई सहकारी मैत्रिणीचं ओळखपत्र मागून घेते, कारण स्वतःच्या कार्डावर तिला पुढे जाता येत नाही. पूर्वार्ध १९४९च्या ऑगस्टमधला, नेगेवच्या वाळवंटातल्या इस्रायली लष्करी तळावरचा. अधिकारी पुन्हा पुन्हा अंग धुतो, मांडीवरचा दंश चिघळत जातो, हे सगळं बारकाईने येतं. सैनिकांनी पकडून आणलेल्या बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब जमातीतल्या मुलीवर बलात्कार होतो, तिला मारून टाकतात. तिचं नाव येत नाही, तिच्या बोलण्यातला एक शब्दही आपल्याला समजू दिलेला नाही. नंतर उत्तरार्धात त्या मुलीचा शोध घेणाऱ्या रामल्लाच्या बाईचा 'मी' सुरू होतो तेव्हा वाटतं, आता ही बाई त्या मुलीची बाजू सांगेल. तसं होत नाही. तिला ती मुलगी सापडतच नाही. तू लिहिलंस, 'येथे पीडितेला आवाज मिळतो.' हे वाक्य काढ. शिबलींनी ते सुख आपल्याला नाकारलंय, आणि माझ्या मते कादंबरीचा सगळा प्रामाणिकपणा त्या नकारात आहे.

रदवा अशूर यांच्या 'अल-तन्तूरिय्या'त (२०१०) रुकय्याची आई घराची किल्ली गळ्यात बाळगते आणि नवरा-मुलगे गेले हे मान्यच करत नाही. रुकय्याने मात्र १९४८मध्ये तन्तूरा या त्यांच्या पॅलेस्टिनी गावातून हाकलून नेताना ते मृतदेह पाहिलेले असतात. आईपुढे ती कोणत्या तोंडाने बोलणार? या मौनावर एक अख्खं प्रकरण होईल. अशूर स्वतः इजिप्शियन, त्यांचे पती मुरीद बरघूती पॅलेस्टिनी कवी. 'अरब स्त्री' असा एक साचा करू नकोस, हे सांगायला एवढं पुरे. ओमान वेगळा, लेबनॉन वेगळा, अल्जीरिया वेगळाच.

लेबनीज लेखिका हुदा बरकात यांच्या 'द स्टोन ऑफ लाफ्टर' या यादवीवरच्या कादंबरीचा नायक खलील, त्याला वगळायचा विचार तू टिपेत लिहिलाय, तो पुरुष आहे म्हणून. वगळू नकोस. दर गोळीबारानंतर खोली घासूनपुसून लख्ख करणारा हा हळवा माणूस शेवटी बंदूकवाल्यांतला एक होतो, आणि अगदी अखेरच्या पानांवर निवेदिका पुढे येऊन त्याला निरोप देते. बाईने लिहिलेली पुरुषाची मोडतोड आहे ती. तुझ्या विषयात ती बसत नसेल तर विषय थोडा रुंद कर.

एक व्यवहाराची गोष्ट. आपण दोघी हे सारं इंग्रजीतून वाचतो. तेव्हा कोण बोलतं, कुठे थांबतं, काय गाळतं यावर ठामपणे लिही. शब्दकळेवर लिहिताना मात्र अरबी जाणणाऱ्या कुणालातरी शेजारी बसव. अनुवादकांची नावं पहिल्या पानापासून दे.

'झहरा'ची माझी प्रत रविवारी घेऊन जा. समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत. आधी तुझ्या प्रतीत तुझ्या खुणा कर, मग दोन्ही प्रती शेजारी ठेवून बसू.

तुझी,
बाई