ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) महिना-दोन महिने उभा राहिला की बॅटरी उतरते, काय करावं?

दिवे बंद केले तरी गॅस लीक डिटेक्टर, रेडिओ वगैरे थोडा थोडा करंट ओढतच असतात आणि त्यातच साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही आठवड्यांत बसते. डिस्कनेक्ट स्विच (बॅटरी तोडणारा स्विच) असला तरी काही वायरी थेट बॅटरीला गेलेल्या असतात, म्हणून मी सरळ निगेटिव्ह केबलच काढून ठेवतो आणि महिन्यातून एकदा मल्टीमीटर लावतो. १२.६ च्या वर व्होल्ट दिसले की फुल, १२.४ च्या खाली गेली की लगेच चार्जिंगला लावा, उद्यावर ढकलू नका, अर्धवट उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती पूर्वीसारखी चार्ज धरत नाही.

घराजवळ प्लग असेल तर फ्लोट मोडवाला मेंटेनर (बॅटरी फुल झाली की करंट आपोआप अगदी कमी करून ती तशीच राखणारा छोटा चार्जर) लावून ठेवा, बेस्ट. साधा चार्जर मात्र कायम लावून ठेवू नका, पाणी उडून जातं (डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको).

तुम्ही मिनेसोटासारख्या थंडीत असाल तर जास्त जपा, उतरलेली बॅटरी शून्याखाली थोड्याच डिग्रीत गोठून फुटू शकते, फुल चार्ज असलेली टिकते. लिथियम असेल तर शून्याखाली चार्जच करायची नाही.