फिरतीच्या सेल्समध्ये मुलगी पुढे कशी जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम. झालंय, बोरिवलीला राहता, इलेक्ट्रिकल मालाच्या कंपनीतून फील्ड सेल्सची ऑफर आलीय आणि घरचे म्हणतात, फिरतीची नोकरी मुलींचं काम नाही.

घ्या ती नोकरी. या धंद्यात बायका मागे पडतात त्या बोलण्यात कमी असतात म्हणून नाही. 'मॅडमना सोयीचं' म्हणून त्यांना लहान एरिया दिला जातो, मोठी गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या नावावर चढतात आणि मग बढतीच्या वेळी आकडाच तोकडा दिसतो. त्यामुळे जॉइन होण्याआधी एरिया आणि पार्ट्यांची, म्हणजे गिऱ्हाइकांची, यादी मागा.

इन्सेंटिव्हचंही तेव्हाच विचारा. बिल निघाल्यावर धरतात की पैसे जमा झाल्यावर? टार्गेटच्या किती टक्क्यांखाली काहीच मिळत नाही? उत्तरं मेलवर घ्या.

टार्गेट हातात आलं की ते दिवसावर आणा. समजा महिन्याला ६ लाख आहे आणि सरासरी ऑर्डर ४० हजारांची. म्हणजे १५ ऑर्डरी. तीन कोटेशनांमागे एक ऑर्डर धरली तर ४५ कोटेशनं, आणि दोन भेटींमागे एक कोटेशन धरलं तर ९० भेटी. २४ दिवसांत रोजच्या जवळपास चार. पहिले दोन महिने स्वतःचं खरं प्रमाण वहीत लिहा. भेटी होऊनही कोटेशन निघत नसेल तर माणूस चुकीचा गाठताय. कोटेशन जाऊन ऑर्डर येत नसेल तर रेट किंवा फॉलो-अप तपासा.

मुंबईतल्या लोहार चाळीसारख्या इलेक्ट्रिकल मालाच्या बाजारात दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका, मालकाची भवानी व्हायची असते. दुपारी गर्दी ओसरल्यावर जा. बोलण्याआधी शेल्फ बघा: कुठल्या बॉक्सवर धूळ बसलीय, कुठल्या मालाची जागा रिकामी आहे. तिथूनच बोलणं सुरू करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "रेटचं सरांशी बोलतो, त्यांना पाठवा," हे तुम्ही हमखास ऐकाल. एकदा सर येऊन रेट देऊन गेले की ती पार्टी कायमची सरांची होते. म्हणून किती टक्के सूट तुम्ही स्वतः देऊ शकता, ते मॅनेजरकडून लेखी घ्या. मग सांगता येतं, "५ टक्क्यांपर्यंत मीच ठरवते. जास्त हवं असेल तर माल किती उचलणार ते सांगा, मंजुरी मी आणते." मॅनेजर सोबत आले तरी "रेट मॅडमच देतील" हे त्यांनी पार्टीसमोर म्हणावं, असं आधीच ठरवून ठेवा.

वसुली दुसऱ्यावर सोडू नका. बिल अनेकदा पीओ (पर्चेस ऑर्डर) नंबर किंवा जीएसटी नंबर चुकल्यामुळे अडकतं, आणि ते मुदत उलटल्यावर कळतं. मुदतीच्या आठवडाभर आधी पार्टीच्या अकाउंट्सला फोन करून बिल चढलंय का, एवढंच विचारा. जुनं थकलेलं असताना नवा माल सोडू नका, महिनाअखेर कितीही जवळ असली तरी.

फिरण्याचा क्रम लांबून घराकडे ठेवा. एका दिवसात एकच लाइन; अंधेरी आणि भिवंडी एकत्र घेतलंत तर दिवस प्रवासातच जातो. स्वच्छतागृहाची अडचण खरी आहे, पण म्हणून पाणी पिणं टाळू नका, त्याने लघवीचा संसर्ग होऊ शकतो. मेट्रो स्टेशन, मॉल, मोठ्या पार्टीचं ऑफिस अशी ठिकाणं बीटमध्येच, म्हणजे दिवसाच्या फिरण्याच्या मार्गातच, आखून ठेवा.

पहिली भेट ऑफिसात आणि कामाच्या वेळेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा तुम्ही कामासाठी जाता त्या जागेलाही लागू आहे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ऑफिसलाही. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीत अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान कंपनी असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. लेखी तक्रार ३ महिन्यांत करायची असते. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. आणि अशी पार्टी सोडावी लागली तर तिच्या वाट्याचं टार्गेट कमी करून किंवा दुसरी पार्टी मागून घ्या. तुमचा आकडा त्यापायी पडता कामा नये.

घरच्यांना रोजचा बीट दाखवा: कुठल्या वेळी कुठे, परत किती वाजता. फिरती म्हणजे नेमकं काय हे त्यांना त्या कागदावरूनच कळेल.