वाचकांचे प्रश्न : पोटाचे शब्द

प्रश्न : इटालियन ‘पान्चा’ आणि स्पॅनिश ‘पान्सा’ या पोटवाचक शब्दांचे मूळ एकच आहे काय? क्रिओल, म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या मिश्रणातून जन्मलेल्या, भाषांत पोटाला काय म्हणतात?

उत्तर : होय. दोन्ही शब्द लॅटिन ‘पान्टेक्स’ या पोट, आतडी अशा अर्थाच्या शब्दापासून आले असून, त्याचेच फ्रेंच रूप ‘पाँस’ हे गाईगुरांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या जठराला लावतात, तर रोमानियन ‘पुन्तेचे’ उदर आणि गर्भाशय या दोन्ही अर्थांनी येतो. ही अर्थच्छटा मला विशेष हृद्य वाटते, कारण आपल्या ‘पोटुशी’ या शब्दातही पोट गर्भाचेच आहे. हैतीच्या क्रिओलमध्ये पोटाला ‘व्हांत’ म्हणतात. तो फ्रेंच ‘व्हाँत्र’पासून, म्हणजे मुळात लॅटिन ‘व्हेंटर’पासून आला आहे. कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटावरील पापियामेंतू या क्रिओल भाषेत ‘बारिका’ म्हणतात, आणि तो पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांतील ‘बारिगा’शी जुळतो.