ऑपरेशन करतानाच एकदाच शेक दिला तर चालतं का?

तू लिहिलंस की आई ५६ वर्षांची आहे, डाव्या स्तनात १.८ सेंमीची कर्करोगाची गाठ आहे, काखेत काही लागत नाही. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, गाठ काढतानाच आत एकदा रेडिएशन, म्हणजे शेक, देऊ, म्हणजे परभणीहून सारखं यायला नको. आणि मामा म्हणतात, एवढी भानगड कशाला, सगळंच काढून टाका. तुझ्याएवढी माझी मुलगी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

आधी मामांचं बोलते.

२००९ साली मी केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, वय ४९. गाठ बोराएवढी, तपासात २ सेंमी निघाली. सोयाबीन काढणीला आलेलं. डॉक्टर व्हरांड्यात माझ्या थोरल्या दिरांशी बोलले, माझे मालक शेजारी मान खाली घालून उभे. मी आत खाटेवर. दहा मिनिटांत ठरलं. कागदावर सही माझीच आहे, नर्सबाईंनी बोट ठेवलं तिथं केली. जन्मभर पोरांना वाचायला शिकवलं आणि तो कागद वाचला नाही, हे अजून टोचतं.

व्हरांड्यात काय बोलणं झालं ते सहा वर्षांनी कळलं, पुतण्याच्या लग्नात. दीर पाहुण्यांना सांगत होते, "डॉक्टर म्हणाले, नुसती गाठ काढली तर पाच आठवडे रोज शेकाला न्यावं लागंल. मी म्हटलं, रास व्हायची हाय, तिथं कोण बसणार? काढा सगळंच." हातात पंगतीतलं वाढायचं भांडं होतं, ते तसंच घेऊन मी उभी राहिले. माझी अर्धपगारी रजा साठलेली होती. बार्शीला कर्करोगाचा दवाखाना तेव्हाही होता आणि माझी मावसबहीण त्याच गावात राहत होती. मला विचारलं असतं तर मी पाच आठवडे तिच्याकडं राहिले असते. विचारलंच नाही कुणी.

मुलीच्या बाळपणीची मोहरीची उशी ट्रंकेत होती. ती उसवून मी झंपराच्या आत ठेवायला गोल पिशवी शिवली. कापूस हलका पडतो, वर सरकतो, मोहरीला वजन असतं. पण फळ्यावर उंच लिहायला हात वर केला की ती काखेकडं घसरायची, आणि पावसाळ्यात दमट वास यायचा. दर पंधरा दिवसांनी मोहरी ताटात पसरून उन्हात ठेवायची, तीही माडीवर, कुणी बघू नये म्हणून. अकरा वर्षं हे केलं.

दिरांचं आजही एकच म्हणणं, "जीव वाचला ना?" वाचला. पण तो नुसती गाठ काढून आणि शेक घेऊनही तसाच वाचला असता. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी या सर्जननी १९७० च्या दशकात हे तपासायला घेतलं, २००२ साली वीस वर्षांचे निकाल छापले. सगळा स्तन काढलेल्या आणि फक्त गाठ काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. म्हणजे माझं ऑपरेशन झालं त्याच्या सात वर्षं आधीच हे जगजाहीर होतं. शेक मात्र टाळायचा नाही. फिशर यांच्या अभ्यासात शेक न घेतलेल्यांपैकी साधारण ३९ टक्के बायकांना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, घेतलेल्यांत १४ टक्के.

आता तुझा प्रश्न. गाठ काढली की त्या पोकळीत गोळ्यासारखं उपकरण ठेवतात आणि २० ते ५० मिनिटं शेक देतात. गोळ्याच्या पृष्ठभागाशी २० ग्रे (ग्रे म्हणजे शेक मोजायचं माप), आणि सेंमीभर पुढं तो पाव-एक तृतीयांशावर येतो, म्हणून फुप्फुस आणि हृदय बरंच वाचतं. तुझ्या आईची गाठ डावीकडं आहे, त्यामुळं हे महत्त्वाचं. लंडनला डॉ. जयंत वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पहिल्या बाईला असा शेक दिला. पुढं ४५ वर्षांवरच्या २२९८ बायकांवर अभ्यास झाला. पाच वर्षांत त्याच स्तनात गाठ परत आली ती ऑपरेशनच्या टेबलावर शेक घेतलेल्यांत २.११ टक्के आणि नेहमीसारखा बाहेरून, काही आठवडे घेतलेल्यांत ०.९५ टक्के. फरक आहे, पण आमच्यासारख्या लांबच्या बायकांसाठी मी तो पत्करला असता. माझं मत स्पष्ट आहे: आई यात बसत असेल तर घ्यावं. घर, शेत, गुरं सोडून राहणं हा उपचारातलाच भाग आहे, तो डॉक्टरांनी मोजलाच पाहिजे.

पण हुरळून जाऊ नकोस. मिलानमध्ये वेगळ्या यंत्रानं, इलेक्ट्रॉननं, असाच एकदाचा शेक दिला, तिथं १५ वर्षांत १२.६ टक्के बायकांना गाठ परत आली, बाहेरून शेक घेतलेल्यांत २.४ टक्के. जगण्यात फरक पडला नाही, तरी परत गाठ म्हणजे परत ऑपरेशन. म्हणून कुठलं यंत्र, ते विचार. शिवाय काढलेल्या गाठीचा रिपोर्ट नंतर येतो. कड साफ नसली, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी दिसल्या, किंवा काखेच्या गाठीत आजार निघाला तर बाहेरूनही शेक घ्यावाच लागतो. वैद्यांच्या अभ्यासात साधारण पाचातल्या एकीला लागला. गाठी एकापेक्षा जास्त असतील किंवा लोब्युलर जातीची (दूध तयार करणाऱ्या ग्रंथीत सुरू होणारी) असेल तर हा मार्ग सहसा धरत नाहीत.

आणि टेबलावरचं जमलं नाही तरी पाच आठवड्यांची भीती आता नको. ब्रिटनमधल्या अभ्यासाचे निकाल २०२० मध्ये आले, आठवड्याभरात पाच शेक, एकूण २६ ग्रे, आणि ते तीन आठवड्यांच्या शेकापेक्षा कमी पडले नाहीत. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय आहे, बाहेरून द्यायचा शेक महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो. पाच दिवस कुणीही राहू शकतं. मामांना हे सांग.

डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आईला बसव, मामांना नाही. आणि सहीचा कागद आदल्या दिवशीच मराठीत माग, रात्री आईला मोठ्यानं वाचून दाखव.