चित्रीकरणाचे दिवस तिथी पाहून ठरवावेत

प्रश्न : फेब्रुवारीत दापोलीजवळच्या किनाऱ्यावर चार दिवस लघुपटाचे चित्रीकरण करायचे आहे. बाप-लेक ओल्या वाळूवरून होडीकडे चालत जातात, असा सूर्यास्ताच्या वेळचा मोठा प्रसंग त्यात आहे. चाचणीसाठी काही दृश्ये घेतली तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याच वेळी किनाऱ्याचे रूप बदललेले होते आणि दृश्ये जुळली नाहीत. संवादही लाटांच्या आवाजात बुडाले. आमचे युनिट वीस जणांचे आहे आणि जनरेटर भाड्याने घेणार आहोत. नियोजन कसे करावे?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपण वेळ घड्याळावरून ठरवलीत, पण पाणी तिथीवर चालते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे आज संध्याकाळी सहाला जिथे कोरडी वाळू दिसते तिथे चार-पाच दिवसांनी त्याच वेळी गुडघाभर पाणी असू शकते. कोकणातली जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब ढोबळ आहे. अचूक वेळा छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्याव्यात आणि त्या आपल्या किनाऱ्याला किती लागू पडतात, हे तिथल्या होडीवाल्याला विचारावे.

आपल्या प्रसंगाला मावळतीचा उजेड आणि रुंद ओली वाळू, दोन्ही एकाच वेळी हवीत. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या आगेमागे लागते; शिवाय ते उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी सर्वांत लांबही जाते. उलट अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी भरती असते, आणि भांगाची, म्हणजे कमी उंचीची, असली तरी आपल्याला हवी ती वाळू तिच्याखालीच जाते. म्हणून त्रयोदशीला सुरुवात करून प्रतिपदेपर्यंतचे चार दिवस घ्यावेत. कलाकारांच्या तारखा त्याप्रमाणे मागाव्यात. आधी तारखा घेऊन मग पंचांग उघडले, तर पडत्या उजेडात पाण्याशी झटापट करण्यातच युनिटची संध्याकाळ जाते.

दृश्ये जुळवण्यासाठी पाण्याच्या कडेला, फ्रेमच्या बाहेर, एक काठी रोवावी आणि प्रत्येक शॉटच्या वेळी पाणी काठीपासून किती पावलांवर आहे, ते वेळेसह कंटिन्युइटीच्या वहीत लिहावे. मास्टर शॉट, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दाखवणारा शॉट, आधी घ्यावा; जवळचे शॉट पाणी थोडे सरकले तरी जुळवता येतात. पावलांच्या खुणांची काळजी फार घ्यावी लागते. वाळू फळीने सारखी केली तर तिच्यावरची ती आरशासारखी चमक जाते आणि कॅमेऱ्यात तो पट्टा वेगळा दिसतो. त्यापेक्षा प्रत्येक टेकला किनाऱ्यालगत दहा-पंधरा पावले बाजूला सरकावे, आणि चहा देणाऱ्या स्पॉटदादांपासून दिग्दर्शकापर्यंत सर्वांनी कॅमेऱ्याच्या मागूनच ये-जा करावी.

जनरेटरची गाडी वाळूवर उतरवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. ओहोटीची वाळू पायाला टणक लागते, पण वजनदार चाक तिच्यात रुतते. आमची गाडी एकदा अशीच रुतली. भरती सुरू झाली होती, पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत आले होते, आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्या मंडळींनी आपले काम सोडून दोरखंड लावले म्हणून ती निघाली. गाडी सुरूच्या बनाअलीकडे पक्क्या रस्त्यावर ठेवावी, केबल लांब घ्यावी आणि तिचे जोड फळ्यांवर उंच ठेवावेत. लेन्स बदलायची असेल तर बंद गाडीत बदलावी, आणि काचेवरचे खारे तुषार कोरड्या कापडाने पुसू नयेत, कारण त्यांत वाळूचे कण असतात.

लाटांचा आवाज काढून टाकता येत नाही; तो सलग ठेवता येतो. लांब दांडीवरच्या बूम माइकची पाठ समुद्राकडे राहील अशी कलाकारांची जागा ठरवावी, कपड्यांना लावायच्या लेपल माइकला वाऱ्यासाठी केसाळ आवरण लावावे, आणि प्रसंग संपताच कलाकारांना वाळूवरून वर आणून तेच संवाद त्याच लयीत पुन्हा ध्वनिमुद्रित करावेत. शेजारी नुसत्या समुद्राचाही दोन-तीन मिनिटांचा आवाज घ्यावा; भरतीचा आणि ओहोटीचा वेगवेगळा, कारण दोन्हींत समुद्र एकसारखा वाजत नाही.

परवानगीसाठी ग्रामपंचायत व पोलीस ठाण्यात आधी जावे. जेट्टी वापरणार असाल तर मेरीटाइम बोर्डाकडेही. फेब्रुवारी हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ आहे आणि आंजर्ले, वेळास या आपल्या परिसरातल्या किनाऱ्यांवर त्यांची घरटी असतात. पिल्ले वाळूतून बाहेर पडली की उजळ क्षितिजाच्या दिशेने समुद्राकडे जातात. किनाऱ्यावर दिवे लावले तर ती उलट जमिनीकडे वळतात. म्हणून वन विभागाला विचारल्याशिवाय जागा नक्की करू नये, आणि सूर्यास्तानंतरचा एकही शॉट दिवे लावून घेऊ नये. आपल्या प्रसंगाला त्या दिव्यांची गरजही नाही. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटे ओल्या वाळूवर पुरेसा उजेड टिकतो, आणि होडीजवळ पोहोचल्यावरचा शेवटचा शॉट त्यातच घ्यावा.